लहान मुलांची उंची का खुंटते? आहार आणि चयापचय यांच्या दृष्टीने एक विचार

बालरोग विभागात मुलाला तपासणीसाठी आणणारे पालक पहिला प्रश्न विचारतात तो वजनाचा. "वजन किती भरले?" ही चौकशी आजीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते. उंचीविषयी क्वचितच कोणी विचारते. मूल शाळेत जाऊ लागते, वर्गाच्या छायाचित्रात दरवर्षी पुढच्याच रांगेत बसते, तेव्हा कुठे शंका येते. आणि तोपर्यंत उंचीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा काळ बहुधा निघून गेलेला असतो. वार्षिक अहवालाच्या निमित्ताने दाते, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांपुढे हा विषय थोड्या विस्ताराने मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

वयाच्या मानाने उंची ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असणे याला वैद्यकीय परिभाषेत 'स्टंटिंग' म्हणतात. मराठीत त्यासाठी खुजेपणा, बुटकेपणा असे शब्द रूढ आहेत. परंतु असे शब्द मुलाला कायमचे चिकटतात, म्हणून येथे 'खुंटलेली वाढ' असाच शब्दप्रयोग केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या मानकांनुसार ही मर्यादा ठरते. ती अशी आखलेली आहे की, चांगल्या स्थितीत वाढणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम दोन ते तीन मुलेच तिच्या खाली असावीत. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण भारतात ३५.५ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के आढळले. त्यापूर्वीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा ३४.४ टक्के होता. देशाचे प्रमाण या काळात थोडे खाली आले, आपल्या राज्याचे आले नाही.

"आमचे घराणेच ठेंगणे"

हे वाक्य आम्हांला वारंवार ऐकावे लागते, आणि ते अगदीच खोटे असते असे नाही. आईवडिलांच्या उंचीचा मुलाच्या अंतिम उंचीवर प्रभाव असतोच. मात्र अनुवंशाने शंभरांतील पस्तीस मुले मर्यादेखाली जात नाहीत. वर उल्लेखिलेली मानके तयार करताना ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांची मोजमापे घेण्यात आली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. घरची परिस्थिती चांगली, आईचे दूध मिळालेले, वेळेवर लसीकरण झालेले, अशीच मुले निवडली होती. या सहा ठिकाणच्या मुलांच्या लांबीत देशपरत्वे पडलेला फरक एकूण फरकाच्या सुमारे तीन टक्केच भरला. वयाची पहिली पाच वर्षे भारतीय मूल नॉर्वेतील मुलाप्रमाणेच वाढू शकते, एवढा याचा अर्थ निश्चित आहे. शिवाय आईचे ठेंगणेपण हेही पुष्कळदा तिच्या स्वतःच्या बालपणीच्या उपासमारीचे चिन्ह असते. घराण्याचा वारसा म्हणून आपण जे सांगतो, तो कित्येकदा तीन पिढ्यांच्या अर्धपोटी राहण्याचा वारसा असतो.

या संदर्भात एका जुन्या वादाची आठवण करून देणे उचित ठरेल. सातारा जिल्ह्यात जन्मलेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी माणसाची उष्मांकांची गरज स्थिर नसते, कमी अन्नाशी शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, असे प्रतिपादन केले. पुढे १९८० च्या दशकात डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी त्या दिशेने आणखी पुढे जाऊन 'लहानखुरी पण निरोगी' अशी कल्पना मांडली. भारतीय पोषणशास्त्राचे अध्वर्यू डॉ. सी. गोपालन यांनी तिचा कडाडून प्रतिवाद केला. शरीर जुळवून घेते हे सुखात्मे यांचे निरीक्षण महत्त्वाचे होते. प्रश्न एवढाच उरतो की, या जुळवून घेण्याची किंमत कोण आणि कशातून चुकवते. त्याचे उत्तर हाडांच्या आणि आतड्याच्या पातळीवर गेल्या काही दशकांत बरेच स्पष्ट झाले आहे.

हाड वाढते कसे आणि थांबते का

मुलाच्या हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पातळ थर असतो. तेथील पेशींची संख्या वाढते, त्या फुगतात, आणि मागून त्यांच्या जागी हाड तयार होत जाते. जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर लांबीचे बाळ वर्षभरात जवळपास ७५ सेंटिमीटरचे होते आणि दुसऱ्या वर्षात आणखी बारा सेंटिमीटरच्या आसपास वाढते. हा वेग आयुष्यात पुन्हा कधीही येत नाही, अगदी वयात येतानासुद्धा नाही.

या वाढीचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून सुटतो. तिचे वृद्धी-संप्रेरक यकृतापर्यंत पोहोचते, यकृत आयजीएफ-१ नावाचे द्रव्य तयार करते, आणि त्याच्या प्रभावाने कूर्चेतील पेशी कामाला लागतात. अर्धपोटी मुलात घडते ते मोठे विलक्षण आहे. वृद्धी-संप्रेरक कमी नसते, कित्येकदा ते नेहमीपेक्षा जास्तच असते. परंतु यकृत त्या हुकमाला दाद देत नाही आणि आयजीएफ-१ ची पातळी खाली जाते. हात आखडता झाला की घरधनी आधी दाणापाणी आणि औषधपाणी पाहतो, माडी चढवायचे काम थांबवतो. शरीरही तेच करते. मेंदू, हृदय आणि रोगाशी झुंज यांना आधी वाटा मिळतो, उंचीला सर्वांत शेवटी. म्हणूनच अशा मुलांना वृद्धी-संप्रेरकाची महागडी इंजेक्शने देऊन उपयोग नसतो. हुकूम भरपूर सुटत आहेत, साहित्यच नाही.

साहित्य म्हणजे केवळ उष्मांक नव्हेत. कूर्चेच्या पेशींत एमटॉर नावाची एक नियंत्रक यंत्रणा असते. रक्तात आवश्यक ॲमिनो आम्ले, म्हणजे जी शरीर स्वतः बनवू शकत नाही अशी प्रथिनांची घटकद्रव्ये, पुरेशी आहेत की नाहीत हे ती पाहते आणि नसल्यास नवीन बांधकाम रोखून धरते. आफ्रिकेतील मलावी देशात १२ ते ५९ महिन्यांच्या ३१३ मुलांचे रक्त तपासले असता, वाढ खुंटलेल्या मुलांत नऊच्या नऊ आवश्यक ॲमिनो आम्लांची पातळी इतरांपेक्षा कमी आढळली. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा एका अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण धान्यावरच पोट भरणाऱ्या मुलाची वाढ पोट भरूनही का थांबते, याचा त्यातून चांगला उलगडा होतो. तांदूळ आणि ज्वारी यांत लायसिन हे ॲमिनो आम्ल कमी असते. डाळीत ते भरपूर असते, पण मेथिओनिन कमी पडते. वरण-भात किंवा भाकरी-आमटी एकत्र खाल्ल्याने ही उणीव पुष्कळ भरून निघते. दूध आणि अंडे यांत दोन्ही असतात.

जस्ताची गोष्टही अशीच. १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे डॉ. आनंद प्रसाद या भारतात जन्मलेल्या डॉक्टरांनी विशीत येऊनही दहा वर्षांच्या मुलांसारखे दिसणारे तरुण पाहिले. त्यांचा आहार जवळजवळ केवळ बिनखमिराच्या रोटीचा होता आणि त्यांना माती खाण्याची सवय होती. जस्ताच्या अभावाने वाढ खुंटते ही कल्पना तेथून पुढे आली आणि इजिप्तमध्ये केलेल्या तपासण्यांनी तिला आधार मिळाला. धान्याच्या कोंड्यातील फायटेट हे द्रव्य जस्त व लोह यांना बांधून ठेवते, त्यामुळे ताटात असलेले जस्त अंगी लागत नाही. धान्य व कडधान्य भिजवले, मोड आणले किंवा आंबवले की फायटेट कमी होते. नाचणीला मोड आणून सत्त्व काढण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. मोडांमुळे पिष्टाचे पचन सुरू होऊन खीर पातळ होते आणि त्याच वाटीत अधिक पीठ मावते, हा दुसरा लाभ. अर्थात जस्ताच्या गोळ्यांनी उंचीचा प्रश्न सुटतो, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. अनेक अभ्यास एकत्र पाहता, रोज १० मिलिग्रॅम जस्त सहा महिने दिल्याने सरासरी सुमारे पाव ते अर्धा सेंटिमीटर इतकाच फरक पडतो.

उष्टावणानंतरची वाटी

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध पुरते. खरी परीक्षा उष्टावणानंतर सुरू होते. बाळाला पचायला हलके म्हणून भाताची पेज, वरणाचे वरचे पाणी, मुगाचे कढण दिले जाते. प्रेमाने दिले जाते आणि मूल ते आनंदाने पितेही. पण आठ किलोच्या बाळाच्या जठराची क्षमता एका वेळी जेमतेम २४० मिलिलिटर असते. ती जागा पाण्याने भरली की अन्नाला वाव राहत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय रोज सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३०० आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ५५० उष्मांक वरच्या अन्नातून मिळावे लागतात. पातळ पेजेतून ते मिळणे शक्य नाही. चमचा तिरका केला असता ओघळून जाणार नाही इतपत घट्ट वरण-भात, त्यावर चमचाभर तूप किंवा तेल, कुस्करलेली भाजी, दही, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी रोज अंडे अथवा मासळी, हे बाळाचे जेवण. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार केवळ ११.३ टक्के मुलांना मिळत असल्याचे दिसले. हा प्रश्न केवळ गरिबीचा असता, तर आकडा इतका खाली गेला नसता. चहात बुडवलेले बिस्किट गरीब घरातही आहे आणि बंगल्यातही. उंची वाढवण्याचे आश्वासन देणाऱ्या डब्यांतील पावडरींविषयी एवढेच सांगतो की, त्याच पैशांत घरी महिनाभर दूध, अंडी आणि डाळ यांची चांगली बेगमी होते.

अंड्याच्या बाबतीतही विज्ञान प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दक्षिण अमेरिकेतील एक्वादोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले असता उंचीत ठळक सुधारणा झाली. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मलावीमध्ये तसाच प्रयोग केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. तेथील मुलांच्या आहारात मासळी आधीपासूनच होती. एकच अन्न सर्वत्र जादू करील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

आतडे हा मधला दुवा आहे. वारंवार जुलाब होणाऱ्या, अस्वच्छ अंगणात रांगणाऱ्या मुलाच्या लहान आतड्यातील रसांकुर आखूड होतात, आतड्याचे अस्तर झिरपू लागते आणि शरीरात सौम्य दाह सतत धुमसत राहतो. हा दाहच यकृतातील आयजीएफ-१ खाली आणतो. मग स्वच्छता सुधारली की उंची वाढावी, असा तर्क होता. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथे झालेल्या आणि २०१८ व २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत घरोघरी शौचालय, हात धुण्याची सोय आणि शुद्ध पाणी देऊनही उंचीवर परिणाम झाला नाही. पूरक आहाराने थोडा झाला. स्वच्छता निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. घराघरापुरते वरवरचे उपाय मुलाच्या तोंडात जाणारी घाण थांबवू शकत नाहीत, एवढे मात्र त्यातून दिसले. आपल्या हातात असलेली गोष्ट अशी की, जुलाबात मुलाचे खाणे बंद करू नये, क्षारसंजीवनीबरोबर जस्ताच्या गोळ्या १० ते १४ दिवस पूर्ण द्याव्यात, आणि आजार बरा झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे. दात येताना जुलाब व्हायचेच, या समजुतीने पुष्कळ मुलांचे पुष्कळ सेंटिमीटर गेले आहेत.

वाढीची सुरुवात मात्र उष्टावणाच्याही आधी, आईच्या उदरात होते. या बाबतीत आपल्याच परिसरातील एका कार्याचा उल्लेख केला पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भारपणाच्याही आधीपासून अभ्यास केला. तेथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते. मातेने एकूण किती उष्मांक वा प्रथिने घेतली, याच्याशी बाळाच्या आकाराचा थेट संबंध आढळला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे ती किती वेळा खाते, याच्याशी आढळला. शेतातील व घरातील कष्टाची कामे अधिक करणाऱ्या मातांची बाळे लहान भरली. ही बाळे दिसायला कृश, पण त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती; स्नायू आणि अवयव मात्र लहान होते. बहुसंख्य मातांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती, आणि ज्यांच्यात ब-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. मधुमेहाची पायाभरणी पाळण्याआधीच होत असल्याचे हे चित्र आहे. खुंटलेल्या मुलाला पुढे गोड, तळलेले खायला घालून 'भरून काढणे' किती धोक्याचे आहे, हेही यावरून लक्षात यावे.

दात्यांच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. शाळेतील मुलांना खाऊ वाटण्यासाठी देणग्या येतात, त्या स्वागतार्हच आहेत. परंतु उंचीचा विचार केला तर वेळ महत्त्वाची आहे. ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत दुधाची भुकटी आणि वनस्पतिजन्य प्रथिने घातलेली लापशी दिली, दोन खेड्यांत प्रथिने नसलेले गोड पेय. तीन वर्षांच्या आत लापशी मिळालेल्या मुलांची उंची अधिक भरली. तीच मुले मोठी झाल्यावर पाहिले असता, पहिल्या दोन वर्षांत ती मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सरासरी ४६ टक्क्यांनी अधिक होती. ज्यांना तीन वर्षांनंतर लापशी मिळाली, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. दुसरे उदाहरण भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींचे. तेथील सुबत्तेत त्यांची उंची झपाट्याने भरून निघाली, पण त्या लवकर, सरासरी ११.६ व्या वर्षी, वयात आल्या आणि अंतिम उंची सरासरी १५४ सेंटिमीटरवरच थांबली. म्हणून निधी मर्यादित असेल, तर तो गर्भवती माता आणि दोन वर्षांखालील मुले यांच्याकडे आधी वळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली, ती याच विचाराने.

आजार दडलेला असेल तर

वाढ खुंटलेल्या बहुतेक मुलांत मूळ कारण आहार, जंतुसंसर्ग आणि मातेची प्रकृती हेच असते. थोड्या मुलांत मात्र एखादा चयापचयाचा किंवा ग्रंथींचा आजार असतो, आणि त्यांना कितीही चांगले खाऊ घातले तरी उंची वाढत नाही. जन्मजात थायरॉईडची उणीव हे त्यांतील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. सुस्ती, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, सुजरा चेहरा ही लक्षणे दिसेपर्यंत मेंदूचे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून जन्मानंतर पहिल्या आठवड्यातच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी करावी. रोजची एक स्वस्त गोळी या मुलाचे आयुष्य बदलते. मूत्रपिंडाच्या नलिकांतील दोषामुळे रक्तातील आम्लता वाढत असेल, तर मूल सतत पाणी मागते, लघवी खूप करते, उलट्या करते आणि वाढत नाही. क्षारयुक्त औषध सुरू केले की अशी मुले आश्चर्यकारक वेगाने वाढू लागतात. गव्हातील ग्लूटेन न सोसणाऱ्या मुलाचे पोट फुगलेले, जुलाब रेंगाळणारे आणि चेहरा फिकट असतो. पोट मोठे, यकृत वाढलेले आणि पहाटे उपाशीपोटी घाम किंवा झटके येत असतील, तर यकृतात साठवलेली साखर मोकळी न होण्याचा दुर्मीळ आजार असू शकतो, ज्यावर ठरावीक तासांनी दिलेले मक्याचे कच्चे पिष्ट हाच मुख्य उपचार आहे. पाय वाकणे हे मुडदुसाचे लक्षण. मुलीची उंची विनाकारण कमी असेल, तर गुणसूत्रांची तपासणी करावी लागते.

हे सारे ओळखण्याची पहिली पायरी एकच: लांबी मोजणे. समजा, दोन वर्षांची एक मुलगी ९.५ किलो वजनाची आहे. वयानुसार वजनाच्या तक्त्यावर ती हिरव्या पट्ट्यात बसते. अंगाने प्रमाणबद्ध आहे, हसरी आहे. तिला मोजपाटीवर निजवून मोजले, तर लांबी ७८ सेंटिमीटर भरते. या वयात मुलींची सरासरी ८६.४ आणि किमान मर्यादा ८० सेंटिमीटर आहे. म्हणजे जिला सगळे निरोगी समजत होते, ती मुलगी साधारण सव्वा वर्षाच्या मुलीएवढी आहे. नुसत्या वजनकाट्याने ती कधीच सापडली नसती.

पालकांना विनंती की, तपासणीला येताना माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माच्या वेळच्या वजनाची नोंद आणि पूर्वी कधी उंची मोजली असल्यास तो कागद बरोबर आणावा. दोन वर्षांपर्यंत मुलाला निजवून आणि त्यानंतर उभे करून मोजतात; निजवून घेतलेले माप उभ्या मापापेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर अधिक भरते, त्यामुळे ते माप कसे घेतले होते हे माहीत असल्यास तेही सांगावे. मोजताना टाचा आणि डोके फळीला टेकलेले हवे, केसांतील क्लिप आणि पायांतील वाळे काढलेले हवेत, आणि मुलाला धरायला दोन माणसे हवीत. तीन महिन्यांच्या अंतराने घेतलेली दोन मापे एका मापापेक्षा कितीतरी अधिक सांगतात. दुसऱ्या मापाची तारीख कार्डावर लिहून दिली जाईल.